नाळे बर्री : नोकरीतलं पात्र घरी आणायचं कसं

रविवारी सकाळी आमच्या माळ्यावर पाच-सहा पोरं जमतात. कुणी खानापूरहून पहिल्या बसनं येतं, कुणी निपाणीहून, एक मुलगी शहापुरातून सायकलनं. सगळ्यांना मालिका लिहायच्या आहेत, नाहीतर वेब सीरिज. पहिल्या दिवशी बहुतेक सगळे एकच पात्र घेऊन येतात: दिवसा साधा, रात्री भलताच. दिवसा बँकेत कॅशियर, रात्री सुपारी घेणारा. मी चहा देतो आणि विचारतो, 'हा कॅशियर नोटा मोजताना बोट ओल्या स्पंजवर टेकवतो की जिभेवर?' गाडी तिथंच अडते. रात्रीचा माणूस सगळ्यांना ठाऊक असतो, दिवसाचा कुणी धड बघितलेलाच नसतो.

नोकरीतला माणूस आणि घरातला माणूस एकाच पात्रात कसा बसवायचा, याची त्यांना दाखवतो ती वाट इथं क्रमानं लिहितो. मालिकांचे दाखले लांबलांबचे आहेत, पण पात्र आपण बेळगावचंच घडवू.

१. लपवलंय, की नुसतं वेगळं आहे?

पडद्यावरच्या दुहेरी माणसांच्या मला तीन जाती दिसतात. पहिलीत ओळखच खोटी. 'मॅड मेन' (२००७) मधला न्यूयॉर्कचा जाहिरातवाला डॉन ड्रेपर मुळात डिक व्हिटमन. कोरियाच्या युद्धात मेलेल्या अधिकाऱ्याचं नाव त्यानं उचललेलं असतं. आपल्याकडं झी मराठीवर २०२० मध्ये 'देवमाणूस' आली. तिच्यातला गावाचा लाडका डॉक्टर ना डॉक्टर होता, ना देवमाणूस. दुसऱ्या जातीत ओळख खरी, काम लपवलेलं. 'द फॅमिली मॅन' (२०१९) मधला श्रीकांत तिवारी दहशतवादविरोधी गुप्तचर खात्यात, पण घरच्यांच्या लेखी त्याचं काम टेबलावरचं. 'ब्रेकिंग बॅड' (२००८) मधला रसायनशास्त्राचा मास्तर वॉल्टर व्हाइट दुसरीतून पहिलीत सरकत जातो. 'हायझेनबर्ग' हे नाव तो धंद्यासाठी घेतो, आणि पुढं त्याला ते नावच जास्त आवडायला लागतं.

तिसऱ्या जातीत काहीच लपवलेलं नाही. घरच्यांना नोकरी ठाऊक, नोकरीत घर ठाऊक. तरी माणूस दोन ठिकाणी दोन तऱ्हेचा. तुम्ही, मी, आपला पोस्टमन, सगळे याच जातीचे. लिहायला ही सगळ्यात अवघड, कारण रहस्याची काठी हातात नसते. नवख्यानं इथूनच सुरुवात करावी, असा माझा हट्ट आहे. रोजच्या मालिकेत अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती वगळल्या की बावीस मिनिटांच्या आसपास गोष्ट उरते, आणि असे भाग आठवड्याला पाच-सहा. एवढ्या खाईला रहस्य किती दिवस पुरणार? लवकरच वाळतं. मग ते ताणायला दारामागून ऐकणारी जाऊबाई आणावी लागते. तिसऱ्या जातीचं पात्र नीट जमलं असेल तर त्याला जाऊबाई लागत नाही.

२. जिच्या दोन्ही बाजूंना तुम्ही उभे राहिलाय अशी खिडकी निवडा

सर्जन, वकील, जिल्हाधिकारी ही पात्रं पहिल्या वर्षी सोडून द्या. ती तुम्ही दुसऱ्या मालिकांतूनच उचलणार. त्यापेक्षा खडेबाजारातला साडी पसरून दाखवणारा सेल्समन घ्या. गिऱ्हाईक उठून गेल्यावर चाळीस साड्यांच्या घड्या घालताना त्याचा चेहरा कसा होतो ते बघा. मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसलेला हवालदार घ्या. माझ्याकडची पोरं जिच्यावर काम करतात ती आहे शैला: वय बेचाळीस, एका नाडकचेरीत, म्हणजे कर्नाटकातल्या महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत, संगणकावर दाखल्यांची कामं करते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला. ही आमच्या माळ्यावर जन्मलेली बाई, कुठल्या खऱ्या खिडकीत शोधू नका.

तिच्यासाठी आधी तासभर अशा खिडकीसमोरच्या बाकावर बसून या. संवाद टिपू नका, फक्त हात टिपा. कागद घेताना हात कुठवर पुढं येतो? आधार कार्ड परत देताना ती ते हातात देते की कट्ट्यावर ठेवते? शिक्का मारल्यावर फुंकर मारते का? कामाचा चेहरा आधी हातात येतो, तोंडात नंतर. आमच्या एका पोरानं टिपून आणलं, की खिडकीतल्या बाई ओळखीच्या माणसाचा कागद घेताना नेमक्या जास्त हळू होतात. त्या एका ओळीवर आमचे दोन रविवार गेले.

३. तोंड किती ठिकाणी बदलतं ते मोजा

इथं थोडा वेळ बसू, कारण आपल्या भागातल्या लेखकाला जे फुकट मिळालंय ते पुण्या-मुंबईच्या लेखकाला विकत घेऊनही मिळणार नाही.

एका कागदावर शैलाच्या दिवसातली माणसं लिहा आणि प्रत्येकापुढं तिच्या तोंडचं एकच वाक्य. साहेबांशी ती कन्नडमध्ये बोलते, आणि तेही कचेरीच्या, छापील वळणाच्या कन्नडमध्ये. खिडकीवरच्या शेतकऱ्याशी कन्नडच, पण आपल्या भागातलं, शेवटी 'री' लावलेलं: 'बर्री' म्हणजे या, 'कुंद्री' म्हणजे बसा, आणि जास्तीत जास्त वेळा 'नाळे बर्री', म्हणजे उद्या या. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीशी अर्धं कन्नड, अर्धं मराठी, आणि वाक्य कुठं तुटतं ते दोघींनाही कळत नाही. मुलीच्या शाळेतल्या बाईंशी पुस्तकी मराठी. आणि घरात? 'काय करालाईस गं? जेवलीस काय?'

आता आणखी बारीक बघा. मघापासून मी 'देतो', 'विचारतो', 'लिहितो' असं लिहितोय. तुम्ही मनात एखादा मिशीवाला मास्तर उभा केला असेल. मी बाई आहे, दोन नातवंडांची आजी. आमच्याकडं घरात बायका 'मी येतो', 'मी गेलो' असंच म्हणतात. कन्नडमध्ये स्वतःबद्दल बोलताना क्रियापदात बाई-पुरुष असा भेद नसतो, त्या शेजाराचा हा गुण असावा, असा माझा अंदाज. पण वर्गात फळ्यापुढं उभं राहून मी सगळी नोकरी 'मुलांनो, मी सांगते' अशी केली आणि घरी पाय ठेवला की 'आई, मी आलो'. शाळेच्या फाटकापासून घराच्या दारापर्यंतच्या वाटेत कुठंतरी तो काना-मात्रा बदलायचा. कुठं, ते मला आजवर सापडलेलं नाही. पात्राच्या बाबतीत मात्र ते तुम्हाला सापडलंच पाहिजे.

म्हणून शैलाच्या संवादांवर खूण करा: 'ते' कुठं आणि 'तो' कुठं. साहेबांच्या तोंडावर रागाच्या भरात तिच्याकडून 'मी करतो' निसटलं, तर तुमचा प्रसंग तिथं आहे. डोळ्यांत पाणी आणायची गरज नाही, पार्श्वसंगीताची तर नाहीच.

दोन इशारे. बोली हसवायला वापरू नका. 'रांगडा गडी' म्हणून कुणालाही कोल्हापुरी हेल देण्याची मालिकांची सवय तुम्ही उचलू नका, बेळगावचा हेल तसाही वेगळा आहे. दुसरं, कन्नड वाक्यं कितीही येत असली तरी कन्नड घरातल्या माणसाला वाचून दाखवा. आपलं कन्नड बाजारचं असतं, घरचं नसतं.

४. उंबरठा लिहून काढा

अर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर राहून तिथलं एक हॉटेल बारकाईनं बघितलं. जेवणघरात अदबीनं वाढणारी माणसं मुदपाकखान्यात शिरताच वेगळी होतात, आणि मधलं दार म्हणूनच फार महत्त्वाचं असतं, असं त्याला दिसलं. १९५६ साली आलेल्या त्याच्या पुस्तकात माणसाच्या वागण्याचे 'रंगमंचावरचं' आणि 'विंगेतलं' असे भाग याच नजरेनं पाडलेले आहेत. हे बघायला शेटलंडला जायला नको. कुठल्याही खानावळीत मोरीजवळच्या टेबलावर बसा. 'या साहेब, काय वाढू' म्हणणारा पोऱ्या पडद्याआड जाऊन काय बोलतो ते तिथं ऐकू येतं.

नवखे लेखक कचेरीचा सीन लिहितात, मग कट, मग घराचा सीन. मधलं दार गाळतात. तेच लिहा. शैला ओळखपत्राची दोरी गळ्यातून कधी काढते, खुर्चीत, जिन्यात की स्कूटरपाशी? पायरीवर चप्पल काढते, पाय धुते, मग तुळशीकडं बघते, की आधी फोन? दुसऱ्या रेल्वे गेटवर फाटक पडलेलं असतं आणि स्कूटरवर दहा मिनिटं ती कुणाचीच नसते, ना खिडकीची ना घराची. असं तिसरं ठिकाण प्रत्येक पात्राला द्या. 'द सोप्रानोज' (१९९९) या मालिकेची सुरुवातच टोळीचा म्होरक्या टोनी मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात ताटकळत बसलाय इथून होते. ना धंदा, ना घर, तिसरंच ठिकाण. तिथं माणूस दोन्हीकडचं बोलून जातो. बेळगावात मानसोपचारतज्ज्ञाचं काम रेल्वे फाटक करतं, आणि पैसे घेत नाही.

५. गळती शोधा

'सेव्हरन्स' (२०२२) या मालिकेत मेंदूवर शस्त्रक्रिया करून कचेरीतली आठवण आणि घरची आठवण वेगळी केलेली आहे. आतल्याला बाहेरचा ठाऊक नाही, बाहेरच्याला आतला. एवढी पक्की भिंत बांधून लेखकांनी पुढं काय केलं? भिंतीला पडणारी भोकंच लिहिली. तुमच्या पात्राला शस्त्रक्रिया नको, भोक मात्र हवंच. एका भागाला एक गळती पुरे.

शैलाची एक गळती आम्ही अशी लिहिली:

नाडकचेरी. दुपार. रांग. खिडकीशी तात्या, शैलाचे चुलत सासरे, वय अडुसष्ट.

तात्या : (हसून) शैला, अगं ते उत्पन्नाच्या दाखल्याचं...

शैला : (पडद्याकडं बघत) टोकन?

तात्या : टोकन नाही गं. म्हटलं तूच हाईस तर...

शैला : सर्व्हर इल्ला री. नाळे बर्री.

तात्या क्षणभर तसेच. शैला मागच्या माणसाला हात करते.

घर. संध्याकाळ. सोप्यात तात्या, पुढं निवलेला चहा. शैला दारात चप्पल काढते, त्यांना बघते, पदर सारखा करते.

शैला : कधी आलासा, तात्या?

तात्या : उद्या ये म्हटलीस. आजच आलो.

शैला : मागं पंधरा माणसं हुबी होती की. तुम्हाला तेवढं आत घेतलं असतं, तर उद्या सगळ्यांचे सासरे आले असते.

तात्या : ते खरं हाय. पण माझ्याशी कन्नडात बोललीस.

शैला गप्प. आत जाते. बाहेर येते ती चष्मा लावून. हात पुढं करते. तात्या पिशवीतून कागद काढून देतात. ती दिव्याखाली धरून वाचते.

शैला : रेशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव एक नाही. हे चालणार नाही.

तात्या खुर्चीतून हळूच उठून उभे राहतात.

हे लिहिताना काय काय टाळलं ते सांगतो, कारण शिकायचं तेच आहे. पहिल्या खर्ड्यात शैला घरी येऊन तात्यांच्या पाया पडत होती आणि 'तिथं मी सरकारी नोकर, इथं तुमची सून' असं एक वाक्य म्हणत होती. ते वाक्य आमच्यातल्या सगळ्यांना आवडलं होतं, म्हणून मी खोडलं. पात्र स्वतःचं पृथक्करण करून सांगू लागलं की प्रेक्षकाला करायला काही उरत नाही. तात्यांची तक्रार आधी 'परत पाठवलंस' अशी होती. मग खानापूरचा मुलगा म्हणाला, 'आजोबांना परत जायचं काही वाटणार नाही, जन्म गेला त्यांचा खेपा घालण्यात. भाषेचं वाटेल.' त्याचं बरोबर होतं. आणि शेवटी तात्यांचं उभं राहणं. घरात खिडकी आली, हे तोंडानं कुणी म्हणायचं नाही.

सर्व्हर खरंच बंद होता का? प्रेक्षकाला सांगू नका. लिहिणाऱ्याला मात्र ठाऊक पाहिजे. माझ्या मते चालू होता.

६. घरातल्या माणसालाही काहीतरी हवं असू दे

ही चूक मी स्वतः केलेली आहे. कोल्हापुरात चित्रीकरण चालायचं अशा एका मालिकेसाठी काही महिने संवाद लिहीत होतो. नायिका पोलीस निरीक्षक. ठाण्यात तिला गुन्हेगार पकडायचा असायचा, साहेबांशी भांडायचं असायचं. घरी आली की ती भाजी निवडायची आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवायची. चाळीसेक भागांनंतर तिथल्या क्रिएटिव्ह टीममधल्या मुलीनं फोन केला: 'मॅडम, ही बाई घरी गेली की संपते.' मी रागावलो, फोन ठेवला, आणि मग सगळे भाग परत वाचले. मुलीचं बरोबर होतं. घर म्हणजे मी विसावा समजत होतो. विसाव्याला गोष्ट नसते.

घरातल्या शैलाला काय हवंय? आमच्या पोरांनी पुष्कळ थोर थोर गोष्टी सुचवल्या. शेवटी ठरलं ते असं, की माहेरच्या गावातल्या भजनी मंडळात तिला परत पेटी वाजवायची आहे, आणि तिथं आता भावजय वाजवते. एवढं पुरतं. शक्य असेल तर घरातली ही इच्छा नोकरीतल्या गुणानं बिघडू दे. खिडकीवर उपयोगी पडणारा कोरडेपणा घेऊन ती भावजयीशी बोलायला जाते, आणि उडायचा तो बोजवारा उडतो.

मायेचंही काम असतं, आणि त्याचा पगार मिळतो, हे ध्यानात ठेवा. आर्ली हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून १९८३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं: हसणं हाच नोकरीचा भाग असला की हसण्याचं काय होतं. नर्स, शिक्षिका, रिसेप्शनवरची मुलगी अशी पात्रं घेतलीत तर घरी त्यांच्याकडं हसू शिल्लक नसणं हाच सीन होऊ शकतो. त्यासाठी त्यांना दुःखी करायची गरज नाही.

७. सीमाभाग पार्श्वभूमीला नको, कामाला लावा

सीमाप्रश्न हाताळायचा म्हटलं की नवखा लेखक पात्राच्या तोंडी भाषण घालतो. भाषणाचा सीन कुणीच बघत नाही, भाषण पटणाराही नाही. त्यापेक्षा तारीख वापरा. १ नोव्हेंबरला सरकारी कचेऱ्यांत कन्नड राज्योत्सव असतो, आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून मराठी माणसं तोच दिवस काळा दिन म्हणून पाळतात. शैला सरकारी नोकर आहे. सकाळी तिला झेंड्यापाशी उभं राहायचंय. तिचा भाऊ दंडाला काळी फीत बांधून फेरीला निघालाय. दोघांचा एकही संवाद लिहू नका. भावाचा फोन वाजतो, ती कापते, 'मीटिंगमध्ये आहे' असा मेसेज टाकते. मीटिंग नसतेच, समोर कागदाच्या ताटलीत वाटलेला लाडू असतो.

शेजारच्या टेबलावरची कन्नड मैत्रीण या भागात खलनायिका झाली, तर तुमचा भाग तिथंच मेला. तिला शैलाची अडचण कळते. लाडू न खाल्लेला ती बघते आणि काही न बोलता आपल्या डब्यातली शेंगाचटणी पुढं सरकवते. बस.

अशी आणखी एक खूण कागदोपत्री तयारच आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकार दरबारी शहराचं नाव 'बेळगावी'. दाखल्यावर शैला दिवसातून शंभर वेळा ते टंकते. घरी फोनवर 'बेळगावातच आहे की' म्हणते. ही दोन नावं एकमेकांच्या जागी घालायची युक्ती मात्र पूर्ण मालिकेत एकदाच वापरा.

८. तपासणी

छापलेल्या कागदावर पात्रांची नावं बोटानं झाका आणि नुसते संवाद वाचा. कचेरीतली शैला कुठली, घरातली कुठली हे ओळखू आलं पाहिजे, पण दोन वेगळ्या बायका वाटता कामा नयेत. वाटल्या, तर दोन्हीकडं एक सामायिक लकब पेरा. आमची शैला कचेरीत पेनचं टोपण आणि घरी लाटणं, दोन्ही बोलणं संपेपर्यंत हातातून सोडत नाही.

मग आवडत्या मालिकेचा एक भाग आवाज बंद करून बघा आणि नट कुठल्या क्षणी नोकरीतून घरी आला ते घड्याळ लावून लिहा. पहिल्यांदा चुकाल. चौथ्या-पाचव्या वेळेला खांदे दिसायला लागतात.

शेवटी कन्नड संवादांसाठी शेजार गाठा. मी वरचा सीन आमच्या शेजारच्या अक्कांना वाचून दाखवला. त्या 'सर्व्हर इल्ला री' पाशी हसायला लागल्या. म्हणाल्या, दुपारच्या दोन वाजता खिडकीवरची बाई एवढं लांबलचक वाक्य बोलेल होय? नुसतं 'सर्व्हर' म्हणते, आणि तळहात उलटा करते. 'इल्ला री' तेवढं खोडायचं राहिलंय. तुमच्या प्रतीत खोडून घ्या.